साडीवाली डॉक्टर

१

शिलेदार मेलेला सापडला तेव्हा शेडच्या दाराला कुलूप होतं आणि त्याच्या तोंडाला मुसकं बांधलेलं होतं. आटपाडीच्या पलीकडं माळावर वसलेल्या ढोलेवस्तीत हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

शिलेदार म्हणजे कोंडीबा ढोल्यांचा माडग्याळी मेंढा. पोपटासारखं बाकदार नाक, लांब मान, आणि चाल अशी की रस्त्यानं निघाला तर मोटारसायकली थांबायच्या. दुसऱ्या दिवशी जत्रेच्या प्रदर्शनात तो उतरणार होता. तो मेलेला सापडला त्याच्या आदल्या दिवशी सकाळी वस्तीवरच्या जवळजवळ सगळ्या मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचली होती, त्यात शिलेदारही होता.

लस टोचणाऱ्या सरकारी पशुवैद्य डॉ. राजनंदिनी जगदाळे विट्याहून पोचल्या तेव्हा शेडपुढं गर्दी जमली होती. कोंडीबा मेंढ्याच्या डोक्याशी बसले होते. पटका सुटून खांद्यावर आला होता, पण त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मुसकं मी आत्ता सोडलं, समद्यांच्या म्होरं," ते म्हणाले. "काल दिवस बुडायच्या आत कुलूप घातलं ते आज उजाडल्यावर काढलं. तवर आत पाय ठेवला न्हाई. किल्ली ही बघा, माझ्या करगोट्याला."

राजनंदिनीनं सोडलेलं मुसकं हातात घेऊन पाहिलं, मग मेंढ्याला शेडमागं नेऊन शवविच्छेदन केलं. जनावराच्या हनुवटीची आणि छातीची लोकर तेलकट होती. पोट उघडल्यावर आंबूस वास आला आणि अर्धवट फुगलेल्या गव्हाचा लगदाच्या लगदा बाहेर पडला. शंका घ्यायला जागाच नव्हती. तिनं थोडा लगदा बरणीत भरला आणि हात धुऊन पुढं आली.

"लसीनं नाही गेला आबा. कुणीतरी ह्याला पाटीभर गहू चारलाय. पोटात आम्ल झालं."

कोंडीबांनी मान वर केली. डोळे लालभडक होते.

"मुसकं बांधलेल्या जनावरानं गहू खाल्ला? कुलपातून? उभा जन्म मेंढरांमागं गेला माझा, ताई. मेंढ्याला गहू किती घालायचा हे मला ठावं न्हाई व्हय? तुमी सुई टोचली आन् माझा शिलेदार गेला."

गर्दीतून दादासो गोरड पुढं आले. प्रदर्शनात शिलेदारसमोर टिकणारा एकच मेंढा होता आणि तो दादासोंचा होता. पण त्या क्षणी ते कोंडीबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"आबा एकच धंदा करतोय, मेंढरांचा. त्याचा शब्द कोण खोटा म्हणंल? बाई, तुमी दिवसा सुया टोचता आन् सांजंला मोबाइलवर साड्या इकता. तुमचं चित्त कशात आसंल, आमी काय सांगावं?"

कुणीतरी हसलं. मेलेल्या जनावरासमोर हसलं. राजनंदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती बरणी घट्ट धरून गाडीकडं चालायला लागली, तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, "अगं, हीच ती, पैठणीवाली!"

२

साड्यांचं दुकान तिच्या नवऱ्याचं होतं. वीरधवलनं विट्यात ते मोठ्या हौसेनं काढलं, पण गिऱ्हाईक पायरी चढेना. एका संध्याकाळी गंमत म्हणून राजनंदिनी मोबाइलसमोर उभी राहिली, पदर खांद्यावर टाकून दाखवला, चार गमतीचे शब्द बोलली, आणि दुकान चाललं. तेव्हापासून रोज दवाखान्यातून आली की ती तोंड धुऊन दुकानात उभी राहायची. बायकांना तिचं बोलणं आवडायचं. तिलाही आवडायचं, दिवसभर शेणामातीत वावरल्यावर रेशमाला हात लावताना बरं वाटायचं. हे मात्र तिनं कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिचा आदल्या संध्याकाळचाच व्हिडिओ तालुकाभर फिरला. वर मेलेला शिलेदार, खाली पदर उडवणारी ती. 'साडीवाली डॉक्टर, मेंढ्याचा काळ.' तो कुणी केला ते कळायला मार्ग नव्हता.

सांगलीहून डॉ. राजवर्धन निकमांचा फोन आला. ते तिचे वरिष्ठ होते.

"मॅडम, दुकान मिस्टरांच्या नावावर असेल. तोंड तुमचं आहे. शुक्रवारी मी वस्तीवर येतोय. लोकांसमोर चौकशी होईल."

"सर, मी पोट उघडून पाहिलंय. गहूच आहे."

"तुम्ही पाहिलंय," ते म्हणाले. "तेच तर लोक मानायला तयार नाहीत. खरं सांगू? व्हिडिओ बघितल्यावर मलाही विचार पडला. आणि आजूबाजूच्या वाड्यांनी लस नाकारलीय, ते कळलं का?"

ते तिला कळलं नव्हतं. नवा पाला फुटला होता, कळप हिरव्यावर सुटले होते, आणि आंत्रविषार अशाच कोवळ्या चाऱ्यावर येतो. लस नसेल तर धडधाकट मेंढरं सकाळी आडवी पडलेली दिसणार होती. आणि दोष मात्र आधीच्या लसीलाच जाणार होता.

घरी येऊन तिनं बरणीतला लगदा चाळणीत ओतला आणि नळाखाली धुतला. वीरधवल दारात उभा राहून बघत होता.

"काय शोधतेस?"

"माहीत नाही. मला माझीच खात्री करून घ्यायचीय."

हे ती खरंच बोलली. दिवसभरात एक किडा तिच्या डोक्यात शिरला होता. काल लस टोचताना आपण घाईत होतो का? संध्याकाळच्या नव्या मालाचा विचार मनात होता का? सुई चुकली नव्हती, हे हाताला ठाऊक होतं. मन तरी खात्री देईना.

चाळणीत गहू राहिला. गव्हात एक अख्खी सुपारी निघाली. आणि दातांनी चिरडलेला एक पिवळा तुकडा. तिनं तो नखानं उकरून नाकाशी नेला.

हळकुंड.

मेंढ्याच्या पेंडीत कुणी सुपारी आणि हळकुंड घालत नाही. गहू, सुपारी, हळकुंड एकत्र येतात ते एकाच ठिकाणी. बाईच्या ओटीत.

आणि शिलेदार मेलेला सापडला त्याच्या आदल्या दुपारी कोंडीबांच्या घरी सुनेचं डोहाळजेवण झालं होतं. हे राजनंदिनीला पक्कं ठाऊक होतं, कारण सुनेची हिरवी साडी तिनंच विकली होती.

३

दुसऱ्या दिवशी ती आधी दादासोंकडं गेली. त्यांनी खाट पुढं केली नाही.

"माझ्यावर संशय हाय व्हय?" ते म्हणाले. "बाई, शिलेदार मला बी जवळ येऊ देत नव्हता. गेल्या साली टक्कर दिली त्यानं, अजून गुडघा धरतोय. कोंडीबाच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचा न्हाई त्यो. त्याला चारायचं, वर मुसकं बांधायचं? माझ्यानं हुईल का?"

"मग कुणाच्यानं होईल?"

"कुणाच्याच न्हाई. म्हणून तर म्हणतोय, सुईच." ते खाली बघत पुढं म्हणाले, "आन् खरं सांगू का, त्याला हरवायची माझी लय इच्छा हुती. मेलेल्याला काय हरवायचं?"

ते खोटं बोलत नव्हते, असं तिला वाटलं.

कोंडीबांच्या दारात ती गेली तेव्हा ते माळावर होते. त्यांची कारभारीण धोंडुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मुकाट पाण्याचा तांब्या दिला.

"मावशी, ओटीचा गहू कुठं ठेवलाय?"

धोंडुबाईचा हात परातीतच थांबला.

"कसला गहू?"

"डोहाळजेवणाचा. सगळ्या वस्तीनं ओटी भरली असेल."

"भरली की. पाटी भरली हुती." तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती दुमडली. तिच्या हातची भाकरी कधी दुमडत नसावी. "धनी म्हणलं, मी ठिवतो. म्या न्हाई बघितलं कुठं ठिवला. तुमी आता जावा बाई. त्येंनी बघितलं तर लय बोलत्याल."

आतल्या खोलीतून सून बाहेर आली. सोनिया सातारची. तिचा नवरा अमृत कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या कामावर होता. पोट सावरत ती राजनंदिनीला पोचवायला अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"ताई, लोक काही म्हणू देत. त्या संध्याकाळी मी तुमचा लाइव्ह बघत होते. तीच हिरवी साडी नेसून. तुम्ही किती छान बोलत होता! मध्येच कुणाचा तरी फोन आला, तर तुम्ही हसून कट केलात आणि म्हणालात, 'थांबा हो, आधी माझ्या मैत्रिणी.' आम्ही सगळ्या इतक्या हसलो!"

राजनंदिनीही कसनुसं हसली. लाइव्ह चालू असताना दहा अनोळखी फोन यायचे, साडीचा रंग विचारणारे. ती सगळेच तोडायची. गाडीत बसल्यावर मात्र तिचा हात आपोआप मोबाइलकडं गेला. त्या संध्याकाळचे फोन खाली सरकवत ती थांबली.

तो फोन अनोळखी नव्हता. नाव तिनंच कधीतरी घातलं होतं. 'कोंडीबा आबा, ढोलेवस्ती.'

४

माळावर गाडी उभी करून तिनं फोनची वेळ पुन्हा पाहिली.

फोन आला तेव्हा दिवस बुडून गेला होता. कोंडीबा सगळ्यांना सांगत होते की कुलूप घातल्यावर त्यांनी शेडमध्ये पाय ठेवला नाही, मेंढा मेलेला सकाळीच दिसला. मग दिवस बुडाल्यावर जनावरांच्या डॉक्टरला फोन कशासाठी?

आणि आता तिला हनुवटीवरचं तेल आठवलं. छातीपर्यंत ओघळलेलं. पोट फुगलेल्या जनावराला धनगर गोडंतेल पाजतात, ते असंच ओघळतं. मुसकं मात्र तिनं स्वतः हातात घेऊन पाहिलं होतं. कोरडं होतं, तेलाचा डाग नव्हता. म्हणजे तेल पाजताना मुसकं नव्हतं. ते नंतर चढलं. मेंढा मारायला आलेला माणूस त्याला औषध पाजत बसत नाही. तेल पाजणाऱ्याला तो जगायला हवा होता.

असा एकच माणूस होता. किल्ली त्याच्याच करगोट्याला होती, शिलेदार त्याच्याच हातचं खायचा, आणि ओटीची पाटी 'मी ठिवतो' म्हणून त्यानंच उचलली होती.

तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिनं तो व्हिडिओ उघडला. केशरी पदर खांद्यावर, ओठांवर लाली, आणि मोबाइलवर नाव झळकताच नीट न बघता बोटानं ते उडवून देणारी ती. 'थांबा हो, आधी माझ्या मैत्रिणी.' माळाच्या त्या टोकाला तेव्हा एक म्हातारा कानाशी फोन धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी मेंढा दात खात पडला होता. ती निघाली असती तर वेळेत पोचली असती. नळी घालून पोट मोकळं करता आलं असतं.

तिनं मोबाइल पालथा ठेवला. एवढी लाज तिला कालच्या हसण्यानंही वाटली नव्हती.

वीरधवलनं सगळं ऐकून घेतलं.

"फोनचं काढू नकोस," तो म्हणाला. "बाकीचं सांग. तेल, हळकुंड, कुलूप. पुरे आहे."

"पुरे नाही. हळकुंड मीच दाखवणार, तेल मीच पाहिलं, कोरडं मुसकंही मीच. माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवतंय? फोन त्यांच्याकडून आला होता. त्यांच्या मोबाइलमध्येही तो आहे."

"आणि तू तोडलास, हेही त्यात आहे. निकम साहेब सोडणार नाहीत, राजू. दुकान राहू दे, नोकरी जाईल."

वीरधवल दुकानातल्या घड्या पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "मीच तुला तिथं उभं केलं."

"मी माझ्या पायांनी उभी राहिले," राजनंदिनी म्हणाली.

५

शुक्रवारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. निकम साहेब खुर्चीवर, कोंडीबा समोर सतरंजीवर, बायका दारालगत. सोनियाला धोंडुबाईनं भिंतीशी टेकून बसवलं होतं.

राजनंदिनी उभी राहिली. साध्या सुती पंजाबी ड्रेसमध्ये होती, तरी मागच्या बाजूला कुजबुज झाली, "आज साडी न्हाई व्हय?"

"सर, आधी माझी चूक सांगते," ती म्हणाली. "शिलेदार मेलेला सापडला त्याच्या आदल्या संध्याकाळी मला एक फोन आला. मी मोबाइलवर साड्या दाखवत होते. मी तो तोडला. व्हिडिओत ते दिसतं, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तो फोन कोंडीबा आबांचा होता."

निकमांनी चष्मा काढला. कोंडीबा सतरंजीच्या दशा बोटांनी ओढत होते.

"काय हो कोंडीबा? केला होता फोन?"

"केला आसंल. लसीचं काय तरी इचारायचं हुतं."

"बघा," दादासो म्हणाले. "बाई स्वतःच म्हणत्यात फोन तोडला."

"तोडला," राजनंदिनी म्हणाली. "त्याची शिक्षा साहेब देतील ती घेईन. पण लस मधे आणू नका, तुमची मेंढरं मरतील."

मग तिनं एकेक करून सगळं सांगितलं. हनुवटीवरचं तेल, कोरडं मुसकं, आणि शेवटी एका डबीतली सुपारी आणि चिरडलेलं हळकुंड. डबी निकमांच्या हातात दिली. बायका माना उंच करून बघायला लागल्या.

"ओटीतलं हाय ह्ये," एक म्हातारी म्हणाली.

हे बोलणं तोंडातून गेलं आणि सगळ्यांच्या नजरा एकदम फिरल्या. त्या कोंडीबांकडं नव्हे, भिंतीला टेकलेल्या सोनियाकडं गेल्या. हे राजनंदिनीला सुचलं नव्हतं.

"मग झालं की," दादासो म्हणाले. "पोरगी शहरातली. तिला काय ठावं जनावराला काय घालावं? कौतुकानं घातला आसंल गहू, आन् आता—"

"मी नाही घातला!" सोनियाचा आवाज चिरकला. "मी शेडकडं गेलेही नाही."

"मग कुणी घातला? पाटी चालत गेली व्हय?"

"दादासो, बास."

कोंडीबा उठले होते. एका हातानं खांब धरला होता.

"पोरीला बोलू नगा. तिच्या पोटात माझ्या घरचं लेकरू हाय. गहू मी घातला."

धोंडुबाईनं पदर तोंडावर घेतला.

"पाटी उचलून शेडात गेलो. आमच्या घरात लय वर्सांनी ओटी भरली. मला वाटलं, घरातला थोरला ह्योच, ह्यानं बी त्यातलं खावं. मूठभर घातला. त्यो खाईत गेला, मी घालीत गेलो. माझं मलाच ध्यान न्हाई. लय आनंद झाला हुता मला." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "सांजंला दात खायला लागला तवा समजलं काय केलं ते. तेल पाजलं, सोडा पाजला. त्यो मान माझ्या मांडीवर टाकून गेला. मग मुसकं बांधलं. आदी नव्हतं बांधलं. मेल्याव बांधलं."

"का आबा?" निकमांनी हळू आवाजात विचारलं.

"काय सांगायचं हुतं लोकास्नी? कोंडीबानं आपल्या हातानं मेंढा मारला? पंचक्रोशीतनं माणसं इचारायला येत्यात मला, काय घालू, किती घालू." ते राजनंदिनीकडं वळले, पण त्यांची नजर तिच्या पायांपाशीच थांबली. "वाटलं, ह्या बाईंचं काय जातंय. ह्यांचा दुसरा धंदा हाय. डॉक्टरकी गेली तर साड्या हायेत. माझं दुसरं काय हुतं?"

दादासो खाली बसले. मागच्या बाजूला जी मंडळी हसायला टपून होती, त्यातला एकेक जण चपला शोधायला लागला.

निकमांनी घसा साफ केला. "मॅडम, फोनबद्दल तुम्हाला लेखी उत्तर द्यावं लागेल. ते मी टाळू शकत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि परवा फोनवर मी जे बोललो... ते बोलायला नको होतं."

"उत्तर देईन सर."

बाहेर गाडीजवळ ती लसीची पेटी नीट लावत होती, तेव्हा कोंडीबा आले. थोडं लांबच उभे राहिले.

"ताई, एक इचारू? फोन उचलला असता, तर जगला असता का त्यो?"

नाही म्हणणं सोपं होतं. तिच्या जिभेवर आलंही होतं.

"जगला असता कदाचित, आबा. सांगता येत नाही. पण कदाचित जगला असता."

कोंडीबांनी मान हलवली.

"तुमी उचलला असता, तरी गव्हाचं मी बोललो नसतो," ते म्हणाले. "पोट फुगलंय, एवढंच सांगितलं असतं. मला तवाच लाज वाटली हुती."

ते खरं होतं, की तिचं ओझं थोडं हलकं करायला म्हातारा बोलला, हे राजनंदिनीला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. समाजमंदिराच्या पायरीवर उभी असलेली माणसं अजून जवळ येत नव्हती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं, कुणी कोंडीबांकडं. शेवटी कोंडीबाच पाठ फिरवून मेंढरांच्या वाड्याकडं गेले आणि एक तरणी मेंढी कानाला धरून घेऊन आले. गुडघ्यात मान दाबून त्यांनी ती गाडीसमोर उभी केली.

"हिला टोचायची ऱ्हायली हुती," ते म्हणाले. "टोचा."

राजनंदिनीनं सुई भरली. दुसरा हात तिनं क्षणभर मेंढीच्या पाठीवर ठेवला, लोकरीत बोटं रुतवली, आणि मग टोचली.